मुलांचं अक्षर आणि शुद्धलेखन : या चुका मी केल्या, तुम्ही टाळा

लेक पहिलीत होती तेव्हा तिने वहीत लिहिलेलं, "आजीने मला पानी दीले". मी लगेच लाल पेन घेऊन पानीला गोल, दीलेला गोल. झालं, पुढचे पंधरा दिवस पोरगी नुसतं "आई आली. बाबा आले." एवढंच लिहायची, कारण त्यात चुकायला काही नाहीच ना!

म्हणजे पहिली चूक ही, सगळं एकदम तपासणं. अहो, या वयात भ ची गाठ कुठून वळवायची यातच सगळं डोकं जातं, तोवर मनातल्या वाक्याचं शेपूट निसटलेलं असतं. हात बसला की मग डोकं मोकळं होतं आणि वाक्यं आपोआप लांबतात. म्हणून अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, पण न अडखळता यायला पाहिजे.

आणि ते दहा दहा पानं गिरवून येत नाही हो. माझी लेक ठिपके जोडून म काढायची पण खालून वर, पानावर मस्त दिसायचा, मला महिनाभर पत्ताच नाही. तेव्हा वही नंतर बघा, आधी लिहिताना हात बघा. चार वर्षांच्या पोराची बोटं दुखत असतील तर पेन्सिल बाजूला ठेवा आणि मटार सोलायला बसवा, कणकेचे साप करू द्या, मणी ओवू द्या. शिरोरेषाही आधी आखून अक्षरं तिला टांगायची नाहीत, शब्द पूर्ण झाला की मग वरून एक रेघ, म्हणजे कुठला शब्द कुठे संपला हेही मुलाला कळतं.

आता वेलांटी. "कि" म्हणताना क आधी ऐकू येतो, पण पहिली वेलांटी काढायची क च्या आधी, मग क लिहून झाल्यावर तिला जागाच उरत नाही. रफाराचं उलटं, सूर्य मधला र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. मूल इथे चुकलं तर ते नीट ऐकतंय असं समजा. घरी पानी म्हणत असतील तर ते पानीच लिहिणार, त्यावर हसू तर अजिबात नका, पुस्तकात पाणी असं लिहितात एवढं सांगा, बास.

नियम एका वेळी एकच. शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की दीर्घ: पाणी, लाडू, मुलगी. ("आणि" हा शब्द त्याला अपवाद, तो पाठच करून टाकायचा.) फूल पण फुलाला ही भानगड नंतर. अजून एक, फोनवर बरेचदा दांडीवाला हिंदी ल दिसतो, शाळेत मात्र पाकळ्यांचा ल शिकवतात, मूल दोन्ही बघून गोंधळतं.

उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांची येतात. तिसरीतही तसंच चालू असेल किंवा वाचनही अडत असेल, तर मात्र शिक्षकांशी बोला, गरज पडली तर तपासून घ्या, आळशी आहे म्हणून सोडून देऊ नका.

परवा लेकीने लिहिलंय, "आजीने मला पाणी दीले नाही कारण ती सिरीयल बघत होती आणि त्यात सून रडत होती". दीले अजून तसंच आहे. मी आधी विचारलं, सून का रडत होती?