वन्य सस्तन प्राण्यांतील परजीवींची तपासणी : या चुका टाळा

गोव्यातील बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयातील सांबर असो, की मोलेच्या जंगलातून काजूच्या बागायतीत उतरणारा गवा, त्याच्या पोटातील जंतांचा पत्ता आपल्याला बहुतेक वेळा विष्ठेवरूनच काढावा लागतो. वन्य प्राणी आजार लपवतो आणि तो खंगलेला दिसू लागेपर्यंत उपचाराची वेळ बरीचशी हातची गेलेली असते. म्हणून ‘जंतांची अंडी आढळली नाहीत’ असे लिहिण्यापूर्वी तो नमुना कसा उचलला, कसा आणला आणि कोणत्या पद्धतीने तपासला, हे पाहिलेच पाहिजे. माझ्या पाहण्यात बहुतेक चुका नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जाण्यापूर्वीच झालेल्या असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शिळा नमुना. गोव्याच्या उष्ण आणि दमट हवेत स्ट्राँगाइल गटातील गोलकृमींची अंडी साधारण एका दिवसात फुटू लागतात. एका जुलैमध्ये आमच्याकडे सांबराच्या लेंड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आल्या. त्या आदल्या दिवशी सकाळी उचललेल्या होत्या आणि रात्रभर गाडीतच राहिल्या होत्या. पिशवीच्या आतल्या बाजूस वाफेचे थेंब जमले होते, लेंड्यांवरची ओलसर चकाकी गेली होती आणि काचपट्टीवर रिकाम्या टरफलांच्या शेजारी अळ्या वळवळत होत्या. अंड्यांची मोजणी निरर्थक ठरली. त्याहून वाईट म्हणजे, त्या अळ्या आतड्यातील कृमींच्या, फुप्फुसातील कृमींच्या, की मातीत स्वतंत्रपणे राहणाऱ्या सूत्रकृमींच्या, हेही खात्रीने सांगता येईना. शेणाच्या पोचा जमिनीला टेकलेला भाग सोडून वरचा व मधला भाग घ्यावा, डबी काठोकाठ भरून हवा कमी ठेवावी आणि नमुना ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा. तो गोठवू मात्र नये, कारण गोठल्याने अंड्यांचा आकार बिघडतो. पोहोचायला उशीर होणार असेल, तर नमुन्याचे भाग करावेत : एक ताजा व थंड, दुसरा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तिसरा इथेनॉलमध्ये. फॉर्मालिनमधील नमुना डीएनए तपासणीला जवळजवळ निरुपयोगी असतो आणि फुप्फुसकृमी शोधण्याच्या बेअरमन पद्धतीलाही चालत नाही, कारण त्या पद्धतीत अळ्या जिवंत असाव्या लागतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकाच पद्धतीवर विसंबणे. तरंगण पद्धतीत विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवतात. या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे १.२० असते, त्यात गोलकृमींची अंडी वर तरंगतात, परंतु यकृतकृमी व अँफिस्टोम यांसारख्या चपट्या कृमींची जड अंडी तळाशीच राहतात. शेताच्या चिखलात आणि साचलेल्या पाण्यात या चपट्या कृमींचा प्रसार करणाऱ्या गोगलगायी वाढतात, अशा जागी चरणाऱ्या गव्याचे शेण केवळ तरंगण पद्धतीने तपासून ‘निर्जंत’ ठरवणे मला अक्षम्य वाटते. तेथे गाळ बसवण्याची पद्धत वापरलीच पाहिजे. गाळात यकृतकृमीचे अंडे सोनेरी पिवळे, तर अँफिस्टोमचे फिकट, पारदर्शक दिसते. बिबट्यालाही हेच लागू आहे. गोड्या पाण्यातील खेकड्यांमार्फत येणारा पॅरागोनिमस हा फुप्फुसातील कृमी असला, तरी खोकल्याबरोबर आलेली त्याची अंडी गिळली जाऊन विष्ठेत उतरतात आणि ती गाळातच सापडतात.

मोजणीच्या आकड्याचेही तारतम्य ठेवावे. मॅकमास्टर काचेत (अंडी मोजण्यासाठी आखलेल्या, दोन कप्प्यांच्या काचपट्टीत) ३ ग्रॅम विष्ठा आणि ४२ मिलिलीटर द्रव घेऊन दोन्ही कप्प्यांतील ०.३० मिलिलीटर वाचले, तर दिसलेले एक अंडे म्हणजे ग्रॅममागे ५० अंडी. म्हणजेच त्याहून विरळ संसर्ग शून्य म्हणूनच नोंदला जाऊ शकतो. शिवाय हगवण लागलेल्या प्राण्याची विष्ठा पातळ असल्याने आकडा आणखी उतरतो. पावसाळ्यानंतर अपक्व अँफिस्टोम लहान आतड्याच्या आवरणाला इजा करून जोराची हगवण लावतात आणि त्या अवस्थेत ते अंडी घालतच नाहीत. अशा वेळी अहवाल स्वच्छ येतो आणि जनावर मात्र ढासळत असते. एका नमुन्यावर निर्णय न घेता, दिवसाआड किमान तीन नमुने पाहावेत.

काचपट्टी वाचताना परागकण, बुरशीचे बीजाणू, हवेचे बुडबुडे आणि वनस्पतींचे केस अंडी किंवा अळ्या म्हणून मोजले जातात. मांसाहारी प्राण्यांत भक्ष्याच्या पोटातील अंडीही विष्ठेतून तशीच बाहेर पडतात. बिबट्याच्या विष्ठेत आयमेरिया या भक्ष्य प्राण्यांच्या आतड्यात आढळणाऱ्या एकपेशीय परजीवीच्या पुटिका दिसल्या, तर आधी त्याने काय खाल्ले ते विचारावे. औषधाचा विचार नंतर.

रक्तातील परजीवी विष्ठेत शोधून सापडणार नाहीत, ही गोष्ट साधी असली तरी विसरली जाते. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २०००च्या जुलैमध्ये डझनभर वाघ ट्रिपॅनोसोमा या रक्तातील एकपेशीय परजीवीच्या संसर्गाने दगावले. सर्रा नावाने ओळखला जाणारा हा रोग चावणाऱ्या माश्या पसरवतात. हा परजीवी रक्तात सतत सारख्या संख्येने नसतो, म्हणून एक रक्तलेप (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) नकारात्मक आला तरी ताप, अशक्तपणा आणि रक्तक्षय असल्यास तपासणी पुन्हा करावी.

जंगलात नमुने गोळा करण्यासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप हा विषाणूजन्य आजार गोचिडींमार्फत पसरतो, त्यामुळे अंगभर कपडे आणि हातमोजे यांत हयगय नको. कळपातील प्राण्यांचे नमुने मिसळले, तर कोणाला औषध द्यायचे हेच कळत नाही. संग्रहालयात एकेका प्राण्याच्या चाऱ्यात खाण्याचा वेगळा रंग घालून त्याची विष्ठा ओळखता येते. जंतनाशक दिल्यावर १० ते १४ दिवसांनी त्याच प्राण्याची, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. डबीवर प्राणी, जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि ती पेन्सिलनेच लिहावी, कारण इथेनॉलचा एक थेंब सांडला तरी शाईची अक्षरे वाहून जातात.