पॉफर्चेस मधले जळायचे, कडेचे कच्चे राहायचे, त्यावर सापडलेला उपाय

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना पॉफर्चेस माहितीच असतील, जत्रेत स्टॉलवर भल्यामोठ्या तव्यावर झपाझप उलटतात ते छोटे गुबगुबीत पॅनकेक, वर बटर आणि पिठीसाखर. घरी करायला बिडाचं खळग्यांचं पॅन घेतलं, दिसायला आपलं आप्पेपात्रच पण खळगे उथळ. आमची शेगडी इलेक्ट्रिक, त्यामुळे मधले काळे होईपर्यंत कडेचे ओलेच, आणि चिकटायचे ते वेगळंच.

आता काय करते, पॅन मंद-मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं नुसतं तापू देते, घाई अजिबात नाही, मग ब्रशने प्रत्येक खळग्यात बटर, आणि पीठ आधी कडेच्या खळग्यांत, मधल्यांत सगळ्यात शेवटी. पीठ सॉसच्या बाटलीत भरलं की पटापट ओतता येतं. वरचा भाग जेमतेम धरला, बुडबुडे फुटले की काट्याने कडेने फिरवून उलटायचं, पार सुकेपर्यंत थांबलात तर आतला मऊपणा गेला.

पीठ म्हणाल तर १२५ ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम बकव्हीट म्हणजे कुट्टूचं पीठ, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक अंडं, चिमूटभर मीठ, साधारण ३०० मिली कोमट दूध, आणि तासभर झाकून ठेवायचं. यीस्टऐवजी बेकिंग पावडर चालते म्हणतात, चालते हो, पण ती आंबूस चव आणि जाळी येत नाही. दूध कडकडीत नको, यीस्ट मरतं. उरलंच पीठ तर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी नाश्त्याला होतं.