गुलामगिरीबद्दल एखाद्या देशाने माफी मागितली की ती कशी वाचायची

अमुक देशाने गुलामगिरीबद्दल माफी मागितली किंवा मागायला नकार दिला अशी बातमी आली की लगेच वादावादी सुरू होते, एकजण म्हणतो दोनशे वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरून काढताय, दुसरा म्हणतो नुसत्या शब्दांनी काय होणारे. माझं मत आधीच सांगते, माफी मागायलाच हवी. पण माफी म्हणून जे जे छापून येतं ते सगळं माफी असतंच असं नाही, आणि ते ताडून बघायची माझी एक पद्धत आहे ती इथे लिहितेय.

सगळ्यात आधी हेडलाइन सोडा आणि मूळ भाषण शोधा, सरकारी साइटवर बहुतेक वेळा मिळतं. त्यात क्रियापद बघायचं. खेद वाटणं, दिलगिरी व्यक्त करणं आणि माफी मागणं यातला फरक मराठी माणसाला वेगळा समजवायला नको, खेद तर लांबून बघणाऱ्यालाही वाटू शकतो, माफी मात्र ज्याच्या हातून घडलं त्यालाच मागावी लागते. नेदरलँड्सच्या उपपंतप्रधानांनी २०१३ साली तीव्र खेद आणि पश्चात्ताप व्यक्त केला होता, पण सरकारच्या नावाने सरळ माफी आली ती थेट १९ डिसेंबर २०२२ ला, पंतप्रधान मार्क रुटे यांच्या भाषणात. मधली नऊ वर्षं त्या एका शब्दासाठी गेली. आणि हेच रुटे २०२० मध्ये म्हणत होते की माफीने समाजात फूट पडेल.

मग कर्ता शोधा. "अत्याचार झाले" असं वाक्य असेल तर थांबा, कोणी केले? राज्याने कायदे केले, परवाने दिले, बंड मोडायला सैनिक पाठवले, हे भाषणात आहे का ते बघा. शेवटचा परिच्छेद तर चुकवूच नका. अमेरिकेच्या सेनेटने २००९ साली माफीचा ठराव केला, चांगलाच आहे वाचायला, पण शेवटी कलम टाकलंय की या ठरावाच्या आधारे अमेरिकेविरुद्ध कुठलाही दावा करता येणार नाही. माफी मागतानाच दार लावून घेतलं. याच देशाने १९८८ साली दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकन लोकांची माफी मागताना हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले होते, म्हणजे कसं करायचं हे माहीत नव्हतं असं नाही.

आता पैसे, इथे मात्र वेळ काढा. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करायचं ठरवलं तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, त्यावेळच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण ४० टक्के, आणि ही भरपाई मिळाली मालकांना. ज्यांना राबवलं त्यांना एक पैसाही नाही, उलट बऱ्याच जणांना "अप्रेंटिस" म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबावं लागलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने या दाव्यांचा डेटाबेस ऑनलाइन ठेवलाय, फुकट आहे, तो एकदा उघडाच. एकेका नोंदीत मळ्याचं नाव, दावा करणाऱ्याचं नाव, किती माणसं आणि पौंड-शिलिंग-पेन्समध्ये किती रक्कम, हिशोब अगदी पेनीपर्यंत चोख. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे वडील जॉन ग्लॅडस्टन, त्यांना २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. मी पहिल्यांदा ती यादी बघितली तेव्हा मालकांची पूर्ण नावं आणि बाकीच्यांचा फक्त आकडा हे बघून बराच वेळ पुढे स्क्रोलच केलं नाही.

आणि या भरपाईसाठी सरकारने कर्ज काढलं होतं, ते पुढे दुसऱ्या कर्जांत मिसळत मिसळत शेवटी २०१५ साली फिटलं. म्हणून "ते आम्ही केलं नाही, ते लोक कधीच गेले" हे मला पटत नाही. माणसं गेली पण राज्य तेच आहे, त्याने कर्ज १८० वर्षं लक्षात ठेवलं मग बाकीचं कसं विसरलं? वाडवडिलांची इस्टेट घ्यायची आणि देणं नाकारायचं असं चालत नाही. फ्रान्सचं प्रकरण तर याहून वाईट, त्यांनी १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून आपलीच जुनी वसाहत असलेल्या, पण स्वतःच्या बळावर मुक्त झालेल्या हैतीकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले, नंतर ते ९ कोटींवर आणले, म्हणजे सुटलेल्यांनीच सुटल्याची किंमत भरायची.

"आफ्रिकेतल्या राजांनीही माणसं विकली की" हा मुद्दा येणारच, आणि तो खरा आहे. तेव्हा १९९९ आठवा, बेनिनचे अध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन आपल्या लोकांच्या त्या वाट्याबद्दल माफी मागितली होती.

शेवटी माफी कोणाला विचारून मागितली ते बघा. रुटेंच्या भाषणाआधी सुरीनामी लोकांच्या (सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली नेदरलँड्सची जुनी वसाहत) संघटना सांगत होत्या की १९ डिसेंबर ही तारीख आमची नाही, आमची १ जुलै, १८६३ ला गुलामगिरी संपली ती, आम्ही त्या दिवसाला केती कोती म्हणतो, साखळी तुटली. राजे विलेम-अलेक्झांडर यांनी मग २०२३ च्या १ जुलैला अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांच्यासमोर उभं राहून माफी मागितली. (आणि १८६३ ला सुद्धा सुरीनाममध्ये साखळी पूर्ण तुटली नव्हती, १८७३ पर्यंत सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम सक्तीचं होतं.)

माफीनंतर काय झालं ते वर्षभराने परत तपासा, मोठ्या निधीच्या घोषणांबरोबर बारीक गोष्टीही बघा. सुरीनाममध्ये मुक्त झालेल्यांना आडनावं दिली ती काही वेळा मालकाचंच नाव उलटसुलट करून, विल्केन्सचं केन्सविल, डे व्रीसचं व्रीस्डे. ती नावं आजही लोक लावतात, आणि बदलायची तर अर्ज, फी, कागदपत्रं सगळं स्वतःच करावं लागायचं. उट्रेख्ट शहराने तो खर्च आपण भरायचं ठरवलं.