उन्हातल्या सामन्यात डोकं ताळ्यावर ठेवायचं तर

मे महिन्यातला चाळीस षटकांचा सामना. तिसाव्या षटकानंतर यष्टिरक्षकाचे पाय चालतात, पण चेंडूनं बॅटची कड घेतल्याचं उशिरा कळतं. लोक म्हणतात, दम संपला. बहुतेक वेळा अंग तापलेलं असतं आणि पाणी घटलेलं असतं. म्हणून पावडरीचा डबा उघडण्याआधी वजनकाटा काढा.

सरावाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासाभरानं घाम पुसून पुन्हा करा. घटलेल्या वजनात मधे प्यायलेलं पाणी मिळवलं की ताशी घाम कळतो. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. ६० किलोच्या खेळाडूचं वजन १.२ किलोनं उतरलं की २ टक्के झाले. त्यापुढे लक्ष आणि हात-नजरेचा मेळ बिघडू लागतो. उलट वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरलं तरी डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, आणि अशा वेळी आणखी पाणी पाजणं घातक ठरतं.

बाटली घरीच भरा: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा सपाट मीठ (सुमारे दीड ग्रॅम), एक लिंबू. दर पंधरा-वीस मिनिटांनी १५० मिलीपासून सुरुवात करा, मग आपल्या घामाच्या मापानं कमीजास्त करा. साखर मोजूनच घाला. १०० ग्रॅमच्या वर गेली की पाणी पोटात रेंगाळतं आणि मळमळतं. टोपीवर मिठाचे पांढरे डाग पडणाऱ्यांना ओआरएस बरं, त्यात सोडियम जवळजवळ तिप्पट असतं. पण २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत नको.

सतर्कतेसाठी खरोखर उपयोगी पडतं ते कॅफिन. किलोमागे ३ मिलिग्रॅम, सामन्याआधी पाऊण ते एक तास. ६० किलोला १८०. दोन ग्रॅम इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे तीन कप. दुप्पट घेऊन दुप्पट फायदा होत नाही, छाती मात्र धडधडते. शिवाय कॅफिननं थकवा झाकला जातो, अंग तापायचं थांबत नाही. प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीवरचे कॅफिनचे मिलिग्रॅम वाचा. त्यावर कॉफी घेतली तर हिशेब चुकतो. अठराच्या आतल्या मुलांना कॅफिन किंवा अशी पावडर देऊच नका.

सतर्कतेसाठी विकल्या जाणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे उन्हातल्या प्रयोगांतले निकाल उलटसुलट आहेत. तो पैसा बर्फावर घालवा. स्वच्छ पाण्याचा बर्फ कोकम सरबतात मिक्सरवर फिरवा आणि त्याचा रवाळ गोळा किलोमागे ७.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ४५० ग्रॅम, मैदानात उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात हळूहळू खा. बर्फ वितळताना पोटातूनच उष्णता ओढून घेतो, नुसत्या गार पाण्याला ते इतकं जमत नाही. पेपरमिंटनं फक्त गार वाटतं.

खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर तोंडात काहीही घालू नका. सावलीत निजवा, जाड कपडे आणि पॅड काढा, अंगभर थंड पाणी ओतत राहा, आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा.