गेट ड्रायव्हरच्या सप्लायचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या आधी

गेट ड्रायव्हर म्हणजे स्विचच्या गेटला चालू-बंदचा व्होल्टेज देणारं सर्किट. थ्री फेज इन्व्हर्टरमध्ये (डीसीचा तीन फेजचा एसी करणारा) सहा स्विच असले म्हणून त्यांच्या ड्रायव्हरना सहा वेगळे आयसोलेटेड (एकमेकांशी थेट विद्युतजोड नसलेले) सप्लाय लागत नाहीत, वरच्या तिघांना तीन आणि खालच्या तिघांना मिळून एक, चारात काम होतं. करंट मोठा असेल तर खालचेही वेगळे ठेवलेले बरे. पॉवर फार लागत नाही, गेट चार्ज गुणिले व्होल्टेज स्विंग गुणिले फ्रिक्वेन्सी, २०० नॅनोकूलॉम, २० व्होल्ट आणि ५० किलोहर्ट्झ धरा, एका स्विचला ०.२ वॅट, वर ड्रायव्हरचा स्वतःचा खर्च.

खरी डोकेदुखी म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी वाइंडिंगमधला कपॅसिटन्स. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचवरचा व्होल्टेज ५० व्होल्ट प्रति नॅनोसेकंदने बदलला की नुसत्या १० पिकोफॅरडमधून अर्धा अँपिअर पलीकडे घुसतो आणि कंट्रोलर मधेच रिसेट होतो, आणि आपण कोडमध्ये बग शोधत बसतो! म्हणून प्रायमरी-सेकंडरी एकावर एक गुंडाळू नका, बॉबिनच्या वेगवेगळ्या खणांत घ्या. याने लीकेज इंडक्टन्स (दोन वाइंडिंगमधली जोड अपुरी राहिल्याने येणारा) वाढतो हे खरंय, आणि फीडबॅक एकाच आउटपुटवरून असेल तर हलक्या लोडवरचे बाकीचे आउटपुट वर चढतात, तिथे छोटा डमी लोड नाहीतर झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक मर्यादेत रोखणारा) टाकाच, गेटचं मॅक्सिमम रेटिंग ओलांडलं तर स्विच गेलाच समजा.

आणि आपल्या गोव्यात, वास्को-वेर्ण्याकडे तर जास्तच, दमट खारी हवा बोर्डावर बसते. पृष्ठभागावरून प्रायमरीकडून सेकंडरीकडे गळती होऊ नये म्हणून ट्रान्सफॉर्मरखाली पीसीबीला खाच पाडा, कोटिंग मारा, पण त्याआधी फ्लक्स धुवून बोर्ड ओव्हनमध्ये वाळवा, जून-जुलैत पंख्याखाली तो नीट वाळत नाही.