टेस्ट लाल झाली की रीरन मारताय? या चुका टाळा

नागपुरात मिहान असो की आयटी पार्क, सॉफ्टवेअर रिलीजच्या दिवशी कोड तपासणारी ऑटोमेटेड टेस्ट लाल, म्हणजे फेल झाली की हे हमखास ऐकू येतं, "अबे ती टेस्ट अशीच आहे, रीरन मार." मग रीरन मारून मंडळी खाली तर्री पोहा खायला जातात, येईपर्यंत हिरवं (पास) झालेलं असतं आणि कोड मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील. बाकीच्या सगळ्या चुका या एका सवयीवरच जगतात, कारण लाल दिसलं तरी कोणी मनावर घेत नाही. रीरन करायचं तर करा राजेहो, पण आधी पहिल्या रनचा लॉग (काय काय झालं त्याची नोंद) बाजूला ठेवा, नाहीतर शोधणार कुठून?

सगळ्यात जास्त डोकं खातो तो तारखेचा घोळ. टेस्ट दिवसभर पास, सीआयवर (कोड टाकला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) पण पास, आणि रात्री बारानंतर लॅपटॉपवर फेल, पहाटे साडेपाचनंतर परत आपोआप पास! काहून? तर कोड आजची तारीख यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) काढतोय आणि टेस्ट लॅपटॉपच्या घड्याळावरून, आणि आपण यूटीसीच्या 5 तास 30 मिनिटं पुढे, म्हणून तेवढा वेळ दोन्हीकडे तारीख वेगळी असते. सीआयचं मशीन बहुतेक वेळा यूटीसीवरच असतं म्हणून तिथे हे कधी दिसतच नाही. लगेच लॅपटॉपचा टाइमझोन बदलून मोकळे होऊ नका, आधी बघा की चूक टेस्टची आहे का कोडची. 1 एप्रिलला रात्री साडेबाराला बनलेलं बिल यूटीसीत 31 मार्चला संध्याकाळी 7 चं होतं, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात गेलं, आणि तुम्ही ज्या टेस्टला "अशीच आहे" म्हणत होता ती बिचारी खरं बोलत होती. कोडला घड्याळ बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये हवी ती वेळ धरता येते, पायथनमध्ये त्यासाठी फ्रीझगन लायब्ररी आहे, जावामध्ये क्लॉक पास करता येतो, आणि नेमकी हीच वेळ धरून एक टेस्ट लिहा.

दुसरा प्रकार म्हणजे एकटी चालवली की पास, सगळ्यांसोबत फेल. इथे आधीच्या कुठल्यातरी टेस्टने डेटाबेसमध्ये कचरा सोडलेला असतो. पायटेस्ट-रँडमली (पायथनच्या पायटेस्ट या टेस्ट चालवायच्या टूलचं प्लगइन) लावून क्रम उलटासुलटा करा, ते सीड (त्या क्रमाचा नंबर) छापतं, तोच सीड देऊन तोच क्रम परत आणता येतो, मग आधीच्या टेस्ट अर्ध्या-अर्ध्या काढत गेलं की गुन्हेगार सापडतो. प्रत्येक टेस्टने आपला डेटा आपणच बनवायचा आणि शेवटी रोलबॅक (डेटाबेस होता तसा परत), बस.

स्लीप (टेस्टमध्ये ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) वाढवत नेणं, 2 सेकंदांचे 5, 5 चे 10, हे तर बंदच करा, जी गोष्ट हवी तिचीच वाट बघा. सेलेनियममध्ये (ब्राउझर चालवून टेस्ट करायचं टूल) इम्प्लिसिट (सगळीकडे एकदाच लावलेला) आणि एक्स्प्लिसिट (एका ठरावीक गोष्टीसाठीचा) वेट एकत्र लावू नका, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की 10 आणि 15 सेकंद असे दोन्ही लावले तर टाइमआउट 20 सेकंदांनी येऊ शकतो.

टेस्टचे फोल्डर कसे पाडायचे यावर लोक मीटिंगा घेतात, मला तरी त्यात फार दम वाटत नाही, हळू टेस्टला मार्कर (लेबल) लावून वेगळ्या केल्या तरी पुष्कळ झालं.

आणि टेस्ट स्किप करायचीच असेल तर कारण आणि तिकीट नंबर तिथेच लिहा. त्यापेक्षा पायटेस्टचं एक्सफेल (ही टेस्ट सध्या फेल होणार असा मार्क) स्ट्रिक्ट करून लावा, म्हणजे बग कोणी दुरुस्त केला आणि टेस्ट पास व्हायला लागली की तेच फेल दाखवतं आणि मार्क काढायची आठवण होते.