तारीख आधी चंद्राला विचारा

हौशी खगोलप्रेमींचं संमेलन ठरवताना सभागृहाआधी तिथी बघा. अमावस्येजवळचा शनिवार मिळाला तर सोनं. पौर्णिमेच्या आसपास अंधूक दीर्घिका (ताऱ्यांचे अफाट समूह) आणि तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) चंद्रप्रकाशात बुडून जातात. नवख्यांना चंद्रावरची विवरं दाखवायची असतील तर शुक्ल अष्टमीही चालेल, तो चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो.

दिव्यांकडे मात्र जातीनं लक्ष द्या. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि उशिरा आलेल्या एका गाडीचा हेडलाइट सगळ्यांची ती अर्धा तासाची वाट क्षणात फुकट घालवतो. म्हणून पार्किंग दुर्बिणींपासून लांब, आडोशाला ठेवा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळा. भाषणं दिवसाच आटपा.